मानदुखी, डोकेदुखी आणि एका कानाचं कमी ऐकणं

वस्तीतल्या आरोग्य शिबिरात बायका सगळ्यात जास्त कशासाठी येतात, असं कुणी विचारलं तर आम्ही आधी कंबरदुखी सांगू आणि तिच्या मागोमाग मानदुखी-डोकेदुखी. "सिस्टर, मान धरलीय, मागून डोकं ठणकतंय, एखादी गोळी द्या." बहुतेकींचं दुखणं खरोखरच मानेच्या स्नायूंच्या ताणाचं असतं आणि ते बरं होतं. पण फार क्वचित, एखादीचं दुखणं दुसऱ्याच जागेवरून आलेलं असतं. कानाच्या आत, मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर एक गाठ हळूहळू वाढत असते. डॉक्टर तिला 'अकौस्टिक न्यूरोमा' म्हणतात. ही गाठ कॅन्सरची नसते, शरीरात पसरत नाही, आणि लवकर सापडली तर उपचार सोपे पडतात. अडचण एवढीच की ती सापडायला वर्षं जातात, कारण माणूस मान दाखवतो आणि कानाबद्दल कुणी विचारतच नाही.

म्हणून या अंकात मान, डोकं आणि कान एकत्र घेतले आहेत. वाचून लगेच "मला गाठ झाली" असं मनात आणू नका. पाश्चात्त्य देशांत या आजाराच्या नोंदी नीट ठेवल्या जातात. तिथला हिशोब असा, की वर्षाला लाखात एक-दोन जणांना ही गाठ निघते. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार होती. तोच दर धरला तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला साठ ते सव्वाशेच्या आसपास नवे रुग्ण असायला हवेत. लाखोंमधले एवढेच. पण हे साठ-सव्वाशे लोक कुठल्यातरी गल्लीत राहतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या हातात आज 'मानेत गॅप' असं लिहिलेला कागद असणार.

आधी रोजची कारणं

मान कशानं दुखते हे आपल्या वस्तीत पुस्तकात बघावं लागत नाही. डोक्यावर पाण्याचे हंडे, विटांची पाटी, सिमेंटचं घमेलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात कोणाच्या मानेवर किती हंडे गेले ते तिथल्या बायकांनाच ठाऊक. लातूरच्या डाळ मिलमध्ये दिवसभर खाली मान घालून निवडणं, शिलाई मशीनवर वाकून बसणं, सोयाबीन काढणं, भांडी घासणं. पोरांची मान मोबाइलवर वाकलेली. रात्री गोधडीची जाड घडी उशाला घेतली की सकाळी मान वळत नाही.

या दुखण्याचा स्वभाव ओळखता येतो. कामाच्या दिवशी वाढतं, विश्रांतीनं कमी होतं, दाबलं की एखादी जागा हुळहुळते, मान वळवली की ओढ बसते. दुखणं मानेतून वर चढून डोक्याच्या मागच्या भागात आणि कपाळावर पट्टा बांधल्यासारखं येतं. गरम पाण्याचा शेक, ओझं दोन खेपांत वाटून नेणं, दर तासाला मान-खांदे सैल करणं, उशी पातळ करणं, यानं पंधरा दिवस ते महिन्यात बराच फरक पडतो. डोकेदुखीची आणखीही कारणं असतात: अर्धशिशी, चष्म्याचा नंबर, सर्दीनं भरलेलं नाक-कपाळ, रक्त कमी असणं, उपाशीपोटी कामावर जाणं, अपुरी झोप. रक्तदाब मात्र प्रत्येकानं मोजून घ्यावा. उपकेंद्रात तो फुकट मोजतात.

एक कारण आपण स्वतःच तयार करतो. मेडिकलमधून सुटी गोळी आणायची, दुखलं की घ्यायची. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस अशी वेदनाशामक गोळी तीन महिने चालू राहिली की त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मिश्र गोळ्यांच्या बाबतीत दहा दिवसही पुरतात. शिवाय मूत्रपिंडावर आणि जठरावर मार बसतो तो वेगळाच. आणि कृपा करून कुणाकडूनही मान कडकन मोडून घेऊ नका. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात. त्या झटक्यानं फाटल्याच्या आणि अर्धांगवायू झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत.

'गॅप' नावाचं समाधान

मान दुखते म्हणून एक्स-रे काढला की चाळिशीनंतर जवळजवळ प्रत्येकाच्या मणक्यात काहीतरी दिसतंच. कुठे जागा कमी झालेली, कुठे हाड वाढलेलं. केस पिकावेत तसा हा वयाचा बदल आहे. ज्यांना काहीही दुखत नाही त्यांच्याही एक्स-रेत तो दिसतो. पण कागदावर 'गॅप' आला की सगळ्यांचं समाधान होतं. डॉक्टरला कारण सापडतं, आपल्यालाही सापडतं. मग चक्कर आली तर गॅपमुळे, चालताना झोक गेला तर गॅपमुळे, कानात आवाज आला तरी गॅपमुळेच.

एक उदाहरण घेऊन समजावतो. समजा डाळ मिलमध्ये जाणारी एक मावशी आहे, वय सत्तेचाळीस. दोन वर्षांपासून मान दुखते, डोकं मागून जड होतं. तीन ठिकाणी दाखवलं, एक्स-रेत गॅप निघाला, पट्टा मिळाला, सुया झाल्या, सलाईनही लागलं. एकदा घरच्यांनी उताराही टाकला. पण मावशीची मुलगी एक गोष्ट रोज बघते: आई फोन नेहमी उजव्याच कानाला लावते. डावीकडून हाक मारली तर ओ देत नाही आणि दिली तरी भलत्याच दिशेला बघते. पहाटे अंधारात बाहेर निघाली की भिंतीला हात लावत चालते. यातलं काहीही तिनं डॉक्टरला सांगितलं नाही, कारण ती मान दाखवायला गेली होती. कान वयामुळे गेला असं तिनं धरलेलं, आणि झोक जातो ते अशक्तपणामुळे.

अशी मावशी तुमच्या गल्लीत असेल तर तिची मानदुखी खरी आहे, तिच्या एक्स-रेतला गॅपही खरा आहे. पण तपासायला हवा तो तिचा डावा कान.

कानातून मानेपर्यंत

कानाच्या आतून मेंदूकडे एक नस जाते. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात, त्यातली ही आठवी. तिचे दोन भाग आहेत: एक ऐकण्याचा, दुसरा तोल सांभाळण्याचा. ही नस हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते आणि त्याच बोगद्यातून तिला खेटून चेहरा हलवणारी सातवी नस जाते. विजेच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं तसं नसेवर पेशींचं आवरण असतं. तोल सांभाळणाऱ्या भागावरच्या या आवरणाच्या पेशी वाढायला लागल्या की गाठ होते. नाव ऐकण्याच्या नसेचं पडलं असलं तरी सुरुवात सहसा तोलाच्या नसेवर होते. वाढ फार सावकाश असते, साधारण वर्षाला एक-दोन मिलिमीटर. काही गाठी वर्षानुवर्षं आहे तेवढ्याच राहतात.

वाढ इतकी सावकाश असल्यामुळे मेंदू तोलातला बिघाड सांभाळून घेतो. घर गरगर फिरल्यासारखी जोरदार चक्कर यात कमी जणांना येते. त्यापेक्षा चालताना एका बाजूला झोक जातो, अंधारात किंवा शेताच्या बांधावर पाय नीट पडत नाही. पण ऐकण्याची नस त्या बोगद्यात दाबली जाते, आणि दहातल्या नऊहून जास्त रुग्णांत एका कानाचं ऐकणं कमी झालेलं असतं. ते कमी होणंही विचित्र असतं. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. 'बोललेलं ऐकू येतं, समजत नाही' असं माणूस म्हणतो, आणि घरचे म्हणतात लक्ष नाही. त्याच कानात सतत कुईं, शिट्टी किंवा भुंगा असतो, कान गच्च भरल्यासारखा वाटतो.

मग मान आणि डोकं यात कुठे येतात? हार्वे कुशिंग नावाचे अमेरिकन मेंदूशल्यचिकित्सक होते. १९१७ मध्ये त्यांनी या गाठीवर एक पुस्तक लिहिलं. तेव्हा एमआरआय नव्हता, सीटी स्कॅन नव्हतं. रुग्णाला कोणता त्रास कधी सुरू झाला हे बारकाईनं विचारणं एवढंच हातात होतं. कुशिंग यांनी विचारून विचारून त्रासांचा क्रम लावला. सुरुवात कानापासून. त्यानंतर डोक्याच्या मागच्या-पुढच्या भागातलं दुखणं आणि कवटीच्या खाली, मानेच्या वरच्या टोकाला अस्वस्थपणा. त्यानंतर चालण्यातला तोल, मग शेजारच्या नसांचे त्रास, मग डोक्यातला दाब वाढून नजरेवर परिणाम, आणि शेवटी बोलणं-गिळणं अवघड होणं. शंभर वर्षांपूर्वीचा हा क्रम सगळ्यांत तंतोतंत दिसतो असं नाही, पण त्यातली मुख्य गोष्ट आजही कामाची आहे: कान आधी, मान नंतर. या आजारात डोकेदुखी-मानदुखी बहुधा गाठ मोठी झाल्यावर येते. तोवर कान बऱ्याच दिवसांपासून काहीतरी सांगत असतो. मान दुखते पण दोन्ही कान ठणठणीत आहेत, तोल नीट आहे, तर या गाठीची काळजी करत बसायचं कारण नाही.

मान दुखण्याची आणखी एक साधी वाट आहे, आणि वस्तीतल्या बायकांना ती सांगितली की लगेच पटते. एका कानानं ऐकू येत नसेल तर माणूस दिवसभर चांगला कान पुढे करून, मान एकीकडे वळवून बोलतो. तोल जात असेल तर डोकं हलू नये म्हणून मान ताठ धरतो. महिनोन्‌महिने असं केल्यावर मान दुखणारच. म्हणजे दुखणं स्नायूंचंच असतं, पण त्याचं मूळ कानात असतं.

घरी करून बघा

मोबाइलवर कुणाशी तरी बोलत असताना फोन आधी उजव्या कानाला आणि मग डाव्या कानाला लावा. आवाज तेवढाच ठेवा. दोन्हीकडे शब्द सारखे कळतात का? दुसरं, शांत खोलीत डोळे मिटून बसा आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या एका कानाजवळ, मग दुसऱ्या कानाजवळ अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायला सांगा. तिसरं, घरच्यांना विचारा. आपलं ऐकणं कमी झालंय हे बहुतेकदा आपल्या आधी सुनेला आणि नातवाला कळतं. विहारात वाचन चालू असताना नेहमी ठरावीक बाजूलाच बसणारी आजी असेल, तर ती तिथे का बसते हेही विचारून बघा.

हे करताना एक फरक ध्यानात ठेवा. वय झाल्यावर ऐकणं कमी होतं ते दोन्ही कानांचं, साधारण सारखंच. गिरणीत, जिनिंगमध्ये वर्षानुवर्षं काम केल्यानं जातं तेही बहुधा दोन्ही कानांचं. (डीजेबद्दल या पानावर आम्ही आधीही लिहिलं आहे आणि काहींचा राग ओढवून घेतला आहे. मिरवणूक कुणाचीही असो, आपल्या जयंतीची असो, भिंतीएवढ्या स्पीकरपुढे नाचणाऱ्या पोराच्या कानातल्या बारीक केसपेशी मरतात आणि परत उगवत नाहीत.) एकाच कानाचं ऐकणं कमी होत जातं तेव्हा मात्र त्याचं कारण शोधलंच पाहिजे. कारण साधंही निघेल: मळ असेल, पडद्याला भोक असेल, कान फुटलेला असेल. कान-नाक-घशाचे डॉक्टर आत बघून ते दोन मिनिटांत सांगतात. तोपर्यंत कानात गरम तेल, लसणाचा रस, काडी, यातलं काहीही घालू नका.

एक प्रसंग तर एक दिवसही थांबण्याचा नाही. रात्री चांगलं झोपलं आणि सकाळी एक कान बंद, किंवा तास-दोन तासांत ऐकणं गेलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा विभाग गाठा. गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं, की विमानातून उतरल्यावर त्यांना अचानक काही ऐकू येईना. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी विषाणूमुळे नसेला इजा झाल्याचं सांगितलं, गाठीचा तिथे संबंध नव्हता. पण अशा अचानक बहिरेपणात स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तरच ऐकणं परत येण्याची आशा जास्त असते. दोन आठवडे उलटले की ती फार कमी होते. आणि अचानक कान गेलेल्यांपैकी थोड्या जणांत तपासणीअंती हीच गाठ निघते, म्हणून त्यांचाही एमआरआय करतात.

दवाखान्यात काय बोलायचं

नांदेडकरांसाठी विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरकरांसाठी विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. दोन्हीकडे केसपेपर काढताना 'मान दुखते' एवढंच सांगितलंत तर तुम्हाला हाडांच्या ओपीडीत पाठवतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून असं सांगा: "मला डाव्या कानानं इतक्या महिन्यांपासून कमी ऐकू येतं, त्या कानात आवाज येतो, चालताना झोक जातो आणि मान-डोकं दुखतं." कान आधी सांगा. कधीपासून ते सांगा. घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घेऊन जा.

आधी मशीनवर ऐकण्याची तपासणी होते, तिला ऑडिओमेट्री म्हणतात. कानाला हेडफोन लावतात, बारीक आवाज आला की बोट वर करायचं. दुखत नाही, अर्ध्या तासात होते. दोन कानांत ठळक फरक निघाला आणि नसेचा बहिरेपणा दिसला की डॉक्टर 'बेरा' ही तपासणी किंवा थेट एमआरआय सांगतील. इथे लक्ष द्या: मानेचा एक्स-रे कितीही वेळा काढला तरी ही गाठ त्यात दिसत नाही. साध्या सीटी स्कॅनमध्ये लहान गाठ सुटू शकते. खात्रीची तपासणी म्हणजे कानाच्या आतल्या नळीचे बारीक काप घेणारा एमआरआय, बहुधा शिरेतून औषध देऊन केलेला. नुसता मानेचा एमआरआय करून आलात तर पैसे गेले आणि कान तसाच राहिला. चिठ्ठीवर कानाच्या आतल्या नळीचा उल्लेख आहे का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. शरीरात पेसमेकर किंवा धातूची पट्टी असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, दिवस गेलेले असतील तर तसं आधीच सांगा.

सरकारी दवाखान्यात यंत्र चालू आहे का, तारीख केव्हाची आहे, हे त्याच दिवशी विचारून घ्या. या गाठीत महिनाभरानं मोठं नुकसान होत नाही, म्हणून तारीख मिळाली तर थांबा, सावकाराकडे पळू नका. मात्र पुढची लक्षणं असतील तर थांबायचं नाही: सकाळी उठल्यावर डोकं फुटेल असं दुखून उलट्या, नजर धूसर किंवा एकाचं दोन दिसणं, चेहऱ्याच्या एका बाजूला बधिरपणा किंवा तोंड वाकडं होणं, गिळताना ठसका, फिट. गाठीशी संबंध नसला तरी आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी एकदम सुरू झाली, तापाबरोबर मान ताठली, डोक्याला मार लागल्यावर दुखणं वाढत गेलं, गरोदर किंवा बाळंतिणीचं डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा मान-जबडा-हात दुखून दरदरून घाम आला, तर १०८ ला फोन करायचा.

गाठ निघालीच तर

तीन वाटा आहेत. गाठ लहान असेल, त्रास कमी असेल, वय जास्त असेल तर नुसतं लक्ष ठेवतात: पहिल्यांदा सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षा-वर्षानं एमआरआय. 'डॉक्टरनं काहीच केलं नाही' असं समजू नका, हाही उपचार आहे. दुसरी वाट गॅमा नाइफची. नावात सुरी असली तरी कापत नाहीत. बारीक किरणांचा मारा नेमका गाठीवर करतात आणि वाढ थांबवतात. गाठ निघून जात नाही. स्टॉकहोममध्ये लार्स लेक्सेल यांनी ही पद्धत शोधली आणि १९६९ मध्ये या गाठीवर ती पहिल्यांदा वापरली. साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला ती चालते. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात हे यंत्र बऱ्याच वर्षांपासून आहे, पण ते खाजगी आहे आणि खर्च मोठा आहे.

तिसरी वाट ऑपरेशनची, गाठ मोठी असेल किंवा मेंदूच्या देठावर दाब येत असेल तेव्हा. बहुधा कानामागून कवटी उघडून करतात. मोठं ऑपरेशन आहे, आणि त्यात सातव्या नसेला धक्का लागून चेहऱ्याची एक बाजू लुळी पडण्याची भीती असते. आपल्या पोरांना 'हल्क' माहीत आहे, तो सिनेमातला हिरवा राक्षस. ते काम करणारे नट मार्क रफालो यांना २००१ मध्ये हीच गाठ निघाली. ऑपरेशननंतर काही महिने त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू हलत नव्हती. ती परत आली, डाव्या कानाचं ऐकणं मात्र गेलं. 'हल्क' त्यांनी त्यानंतर केला, एका कानावर. हे सांगायचं कारण, वस्तीत तोंड वाकडं झालं की बाई घराबाहेर पडणं सोडते आणि तरण्या पोरीचं लग्न मोडेल म्हणून घरचे ऑपरेशनच टाळतात. टाळल्यानं गाठ थांबत नाही. गाठ लहान असताना केलं तर नस वाचण्याची शक्यता जास्त असते, मोठी झाल्यावर कमी.

रुग्ण विशीतला असेल, किंवा दोन्ही कानांच्या नसांवर गाठी निघाल्या, तर तो 'एनएफ २' नावाचा जनुकीय आजार असू शकतो. तेव्हा आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

पैशांचं बघू. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र आहेत आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मेंदूची ऑपरेशनं योजनेत आहेत. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला भरती होण्याआधी भेटा. ओपीडीतला एमआरआय आणि गॅमा नाइफ योजनेत बसतं का, हे तोंडी न विचारता १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नंबरवर खात्री करून घ्या. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर आजच दुरुस्त करा, कारण दुखणं आल्यावर तहसीलच्या खेपा होत नाहीत. मुंबईला पाठवलं तर केईएम, सायन, नायर आणि जे. जे. या सरकारी-महापालिकेच्या दवाखान्यांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचे विभाग आहेत. नांदेडहून देवगिरी, तपोवन, नंदीग्राम आहेत, लातूरहून मुंबईची रात्रीची गाडी आहे. तिथे पोचल्यावर आधी समाजसेवा अधीक्षकांचं कार्यालय शोधा. औषधांची, राहण्याची, निधीच्या अर्जाची वाट तिथूनच निघते.

एक फसवणूकही सांगून ठेवतो. 'कान गेला, अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून देतो' म्हणून पैसे मागणारे भेटतील. कायद्यात दोन्ही कानांचं ऐकणं धरलं आहे, त्यामुळे एकच कान गेलेल्याला चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र सहसा मिळत नाही. एजंटाला पैसे देऊनही मिळणार नाही.

ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाकडे पहिले काही आठवडे लक्ष लागतं. मान आणि डोक्याची मागची बाजू दुखते, विशेषतः कानामागून केलेल्या ऑपरेशननंतर. हे अपेक्षित असतं आणि बहुतेकांत हळूहळू ओसरतं. पण खाली वाकल्यावर नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखं गळलं, ताप आला, मान ताठली, तर मेंदूभोवतीचं पाणी गळत असू शकतं. लगेच परत न्यायचं. डोळा मिटत नसेल तर दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब, रात्री मलम आणि वरून कागदी चिकटपट्टी, बाहेर निघताना चष्मा. उघडा डोळा सुकून बुबुळावर जखम होते आणि चेहरा बरा झाला तरी नजर जाते. तोलासाठी दिवसातून दोनदा भिंतीच्या आधारानं चालायला लावा, आधी उजेडात. नुसतं झोपवून ठेवलं तर तोल उशिरा येतो. रस्ता ओलांडताना बरोबर कुणीतरी हवं, कारण एका कानावर गाडी कुठल्या बाजूनं येते ते कळत नाही. घरात बोलताना चांगल्या कानाच्या बाजूला बसा. आणि पुढच्या एमआरआयची तारीख डिस्चार्ज कार्डवरून उतरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वर्ष बदललं की ती नव्या कॅलेंडरवरही लिहा.